नागीण गेली, गोळी राहिली

ग्वाल्हेर, 9 एप्रिल

चि. राजू यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर माझ्या विसरण्याचा आणि हे घर सोडण्याचा विषय काढला की तू मध्येच "आई, टेन्शन घेऊ नकोस" म्हणतोस आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग सुनबाईला दे, आणि त्यानंतर हवं तर त्या घराच्या दलालाला फोन कर.

जानेवारीत आलास तेव्हा तू जे पाहिलंस ते खोटं नव्हतं. हात थरथरत होता, चहा बशीत सांडत होता, झेलम एक्सप्रेस गाठायला तू निघालास तेव्हा मी दारात पोरीसारखी रडले. पुण्यापर्यंत तू काय विचार करत गेला असशील ते मला कळतं. पण त्यामागचं कारण तुला माहीत नव्हतं, कारण मी ते दडवलं होतं.

मुळापासून सांगते. नागीण आली सप्टेंबरात. डाव्या अंगाला, पाठीपासून छातीखालपर्यंत अर्धा पट्टा. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी झोपून राहतो आणि साठ वर्षांनी उठतो, हे मला या वयात कळलं. गोळ्या झाल्या, आठशेच्या, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मोहल्ल्यात त्याबरोबर दोन मतं होती. एक, गेरू लावा. दुसरं, तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, जुळलं की माणूस गेला. आता नागीण राहते एका नसेच्या हद्दीत, अंगाची मधली रेघ सहसा ओलांडत नाही, तर तोंड-शेपूट भेटणार कुठे? पण रात्री दोन वाजता आरशापुढे पाठ वळवून मीही शेपूट शोधलं. खोटं कशाला बोलू.

फोड सुकले, खपल्या पडल्या, आग मात्र राहिली. ब्लाउजची शिवण टेकली तरी गरम उलथनं ठेवल्यासारखं व्हायचं. पंख्याच्या वाऱ्याने पदर हलला की मी ओरडायचे. ऑक्टोबरभर तुझ्या बाबांचा जुना मलमलचा सदरा उलटा घालून घरात वावरले, शिवणी बाहेर करून. तेव्हा ती प्रीगॅबालिनची कॅप्सूल मिळाली, आधी पंचाहत्तर मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, मग दीडशेची दोनदा. त्या गोळीला मी शिव्या देणार नाही. दुसऱ्या आठवड्यात मी सरळ ब्लाउज घातला आणि पहाटे पाचपर्यंत झोपले. ज्याला ती आग माहीत नाही त्यानेच या औषधाला सरसकट विष म्हणावं.

पण ती फक्त माझ्या बरगडीची नस निवडून काम करत नव्हती. नसांच्या टोकांशी कॅल्शियम आत शिरण्याच्या वाटा असतात. ही गोळी त्या वाटांना चिकटते, मग दुखण्याचा निरोप पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की सकाळी पलंगावरून उतरले की जमीन जरा उशिरा पायाला लागते. जिन्यावरून येताना भिंत धरायची सवय लागली. पाय सुजले. संध्याकाळी मोजा काढला की काठाची खाच बोट रुतेल एवढी खोल, आणि ती झोपेपर्यंत भरून यायची नाही. वजन चार किलो वाढलं. तोंड सुकायचं. वर्तमानपत्र वाचताना ओळी एकमेकींवर चढायच्या, म्हणून चश्म्याचा नंबर बदलून आणला. साडेअठराशे रुपये वाया.

आणि शब्द. एक दिवस चाळणी हातात होती आणि तिचं नाव येईना. हातात आहे, पीठ गळतंय, आणि मी वरच्या मजल्यावरच्या भाभीला म्हणते आहे, "ते हे... भोकाभोकांचं." भाभी हसली, मीही हसले. रात्री हसू आलं नाही. मग मी छोटीला फोनवर माझ्या ताईच्या नावाने हाक मारली. ताईला जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून तू फोनवर सहज विचारल्यासारखं विचारायला लागलास, "आई, आज वार कोणता गं?" बाळा, मी एकतीस वर्षं पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. परीक्षक सहज विचारतो तेव्हा त्याचा आवाज कसा होतो ते मला शिकवू नकोस. वार मी बरोबर सांगत होते, पण आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.

भोगीच्या दिवशी, 13 जानेवारीला, गुळाचा पाक गॅसवर ठेवला, तीळ भाजून बाजूला ठेवले आणि कढईपुढे उभी राहिले. उभीच राहिले. कशाची वाट पाहते आहे तेच आठवेना. गूळ काळा झाला, धूर झाला, वरून भाभी धावत आली. कढई अजून तशीच काळी आहे, पाहिलीस ना तू? तुला मी सांगितलं, दुधाची आहे.

त्या रात्री ठरवलं, ही गोळी बंद. पाकिटात चारच उरल्या होत्या, त्याही टाकल्या. कुणाला विचारलं नाही. का नाही, ते ऐक. त्या कॅप्सूलमध्ये बी-बारासुद्धा होतं, मिथाइलकोबालामिन पंधराशे मायक्रोग्रॅम, पाकिटावर ठळक छापलेलं. दुकानातला पोरगा दर वेळी म्हणायचा, "आंटी, नसों की ताकत की है." मला वाटलं, ताकदीची गोळी, आज घेतली काय न घेतली काय. ज्यांनी लिहून दिली त्यांनी जेवणानंतर घ्या एवढंच सांगितलं होतं. सोडायची कशी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांचीही चूक, पण निस्तरायची माझ्या वाट्याला आली.

संक्रांतीचा दिवस छान गेला. मनात म्हटलं, बघा, काही झालं नाही. दुसऱ्या रात्रीपासून सुरू झालं.

ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी तुला माहीत आहे. बाहेर लोक शेकोटीभोवती बसलेले, आणि मी रजई लाथाडून घामाने निथळत होते. दोनदा गाउन बदलला. मग एकदम हुडहुडी. पोटात मळमळ, सकाळपर्यंत चार वेळा जुलाब. छाती अशी धडधडे की उशीत ऐकू यावी. आणि भीती. कशाची ते नाही, नुसती भीती, कुणीतरी मागे उभं असल्यासारखी. झोप म्हणशील तर तीन रात्री मिळून दोन तास. चौथ्या रात्री मन रमावं म्हणून सतराचा पाढा म्हणायला घेतला, सतरा सत्तेला अडकले. मी! पुन्हा पहिल्यापासून म्हटला, पुन्हा तिथेच. तेव्हा मात्र वाटलं की राजू म्हणतो ते खरं, डोकं गेलं आपलं.

भाभीने तिच्या सासूची झोपेची गोळी आणून हातावर ठेवली. देवाची कृपा, की मला कुणाची गोळी घ्यायची नाही एवढं शहाणपण उरलं होतं. पाचव्या दिवशी तीच मला रिक्षात घालून दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाई आहेत, तुझ्याहून लहान. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गोळी कधी थांबवलीत?" मी तारीख सांगितली आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

त्या म्हणाल्या ते मला समजलं तसं लिहिते. ही गोळी यकृतात मोडत नाही, जवळजवळ आहे तशी लघवीतून जाते. मूत्रपिंड धडधाकट असेल तर सहा तासांत रक्तातली निम्मी उतरते. म्हणजे दीड-दोन दिवसांत सगळं मोकळं. इकडे मेंदू तीन महिने तिच्या आधाराने बसलेला, आधार एकदम काढला की सगळ्या नसा एकदम बोलायला लागतात. ज्यांना फिट्स येतात त्यांनी तर अशी गोळी अचानक सोडणं फार धोक्याचं. झोपेची गोळी वर घेतली नाही हेही बरं केलंत म्हणाल्या, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. इंग्लंडात 2019 पासून हे औषध नियंत्रित यादीत आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. माझ्या दुकानात ते ताकदीचं होतं.

मग त्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करायला लावलं, जे आधी कुणीच केलं नव्हतं. आलं 1.2. मी म्हटलं, एवढंच ना? त्यांनी कागदावर हिशेब मांडला आणि मी तो कागद हिसकावूनच घेतला, गणिताची बाई ना. एकशे चाळीसमधून वय वजा, उरले 71. त्याला वजनाने गुणलं, 60 किलो, 4260. भागिले बहात्तर गुणिले 1.2, म्हणजे 86.4. बाई म्हणून शेवटी 0.85 ने गुणायचं. उत्तर 42 च्या आत, हा मूत्रपिंडाच्या कामाचा वेग. साठच्या खाली गेलं की या औषधाचा डोस निम्मा करतात. मी तीनशे घेत होते, माझ्यासारखीला दीडशे पुरे होती. चाळणी, ताईचं नाव, गुळाचा पाक, सगळं त्या जादा दीडशेत आलं की नाही ते मी ठामपणे सांगणार नाही. पण बरंचसं आलं.

तू आलास तेव्हा गोळी पुन्हा सुरू करून पाचच दिवस झाले होते, पंचाहत्तर दोनदा. घाम थांबला होता, थरथर थांबायची होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आपणच आपल्या मनाने औषध सोडलं आणि अंगाशी आलं, हे मुलापुढे कबूल करायची लाज वाटली. म्हातारपण म्हटलं की कुणी दोष देत नाही, म्हणून तू म्हणालास ते मी चालू दिलं. हे मात्र माझं चुकलं.

त्यानंतर दर दोन आठवड्यांनी पंचवीस कमी. त्यासाठी ती बी-बाराची जोडगोळी सोडून नुसती प्रीगॅबालिन घ्यावी लागली, कारण जोडीची लहान करता येत नाही. पन्नासची बाड्याच्या बाजारात मिळाली, पंचवीसची दुकानदाराने मागवून दिली. शंभरावरून पंचाहत्तरवर आले तेव्हा चार रात्री पुन्हा झोप उडाली, म्हणून तिथे तीन आठवडे थांबले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शर्यत नाही ही. आता रात्रीची एक पंचवीसची उरली आहे. पायाची सूज गेली, मोज्याची खाच दिसत नाही. चश्मा परत जुनाच लावते.

आग पूर्ण गेलेली नाही. काखेखाली तळहाताएवढा तुकडा अजून जळतो, संध्याकाळी जास्त. त्यावर सुन्न करणारं मलम लावते, आणि तो मलमलचा सदरा कपाटात वरच ठेवला आहे. पुन्हा वाढली तर गोळी पुन्हा घेईन, कमी मापाची.

आता तुझ्या दोन गोष्टी. त्या मेमरी क्लिनिकला मी येते, अपॉइंटमेंट मोडू नकोस, फक्त जूनमध्ये घे. गोळी सुटून महिना-दीड महिना जाऊ दे, मग जे निघेल ते निघेल, मी मान्य करीन. आणि घराचं तोवर थांबव. जनकगंजातला हा जिना मी आता भिंत न धरता उतरते. विश्वास नसेल तर भाभीला विचार, ती माझ्या बाजूने खोटं बोलणारी नाही, तिला वरचा मजला सोडून खालचा हवाच आहे.

तू जाताना माझी निळी फाइल बॅगेत टाकून नेलीस. तिच्यात नागीण झाली तेव्हाचे सगळे कागद आहेत, ते डॉक्टरीणबाईंनी मागितले आहेत. फोटो काढून भाभीच्या मोबाइलवर पाठव. सोमवारच्या आत.

छोटीला पापा. सुनबाईला आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. सतरा सत्ते एकोणवीसाशे, म्हणजे एकशे एकोणीस. एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत म्हणून पाहिलं, काल रात्री, झोप येत होती तरी.