फटकळ पोरीबद्दल

तासगाव, रविवार

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल येऊन दीड महिना झाला. फोनवर दर वेळी विचारतेस, ‘अप्पा, वाचलं का?’ आणि मी ‘चाललंय’ म्हणून विषय टाळतो. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. दोन्ही पुस्तकं वाचली. पहिल्याला, म्हणजे इलोना अँड्र्यूज यांच्या ‘मॅजिक बाइट्स’ या इंग्रजी कादंबरीला, एकोणीस दिवस लागले. उजव्या हाताला वीरकरांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, पण त्यातल्या नायिकेच्या तोंडचे निम्मे शब्द वीरकरांनाही माहीत नाहीत.

तू म्हणालीस, तुमच्या वाचनकट्ट्यावर ‘मॅजिक बाइट्स’वरून जुंपली. एकीने शंभर पानांवर पुस्तक मिटलं. दुसरी म्हणते, पहिला भाग कच्चाच आहे, तिसऱ्यापर्यंत दम धर. तिसरीला नायिका उर्मट वाटते. आणि त्या एकट्या मुलाचं म्हणणं, हाच पुरुष असता तर कुणी ब्र काढला नसता. आणि निवाड्याला तू मला बसवलंस. ठीक आहे.

पण आधी लाइटचं बोलतो, कारण मी अडकलो तो नायिकेच्या तलवारीत नाही, तिथेच. अटलांटा शहर. जादू लाटेसारखी येते. ती आली की वीज जाते, बंदूक उडत नाही, पेट्रोलची गाडी बंद पडते. लाट ओसरली की हे सगळं पूर्ववत आणि मंत्र निकामी. कधी येणार, किती वेळ राहणार, काही नेम नाही. उंच इमारती तर जादूने कुरतडून खाल्ल्या आहेत. तेहतीस-अकरा केव्हीच्या वीज उपकेंद्रात बत्तीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाच्या हातात तू हे पुस्तक देतेस! मी पहिल्याच रात्री तुझ्या आईला म्हणालो, हे भारनियमन आहे, फक्त वेळापत्रक नसलेलं. आपल्याकडे निदान कुठला फीडर कधी बंद हे फळ्यावर लिहिलेलं असायचं. रात्री थ्री फेज यायची म्हणून शेतकरी घोंगडं घेऊन मोटारीपाशी बसायचे. या नायिकेकडे, केटकडे, दोन गाड्या आहेत, एक जादू असताना चालणारी आणि एक नसताना. मला ते फार पटलं. आपल्या स्वयंपाकघरात बल्बखाली चिमणी ठेवलेली असायची, आठवतं? दोन्हीवर विसंबायचं नाही, दोन्ही पुसून ठेवायच्या. लेखकांना हे बरोबर कळलंय. पाण्याच्या टाक्या आणि दवाखाने कसे चालतात हे मात्र त्यांनी मला पुरेसं सांगितलं नाही, आणि तेवढ्यासाठी मी दोन दिवस नाराज होतो.

शंभर पानांवर थांबलेल्या मैत्रिणीची तक्रार तीच असणार, काही समजावून सांगत नाहीत. ते खरं आहे. ऑर्डर काय, पॅक काय, पीपल काय, सगळं अंगावर टाकतात. पीपल म्हणजे मुडद्यांचा धंदा करणारे लोक हे कळायला मला वेळ लागला. त्यांचे व्हॅम्पायर बोलतही नाहीत नि प्रेमातही पडत नाहीत. नुसतं भुकेलं मढं, दुसरा कुणी लांबून मनाने चालवतो. हे मला आवडलं. मढ्याने मढ्यासारखं राहावं. राहिला न समजावण्याचा मुद्दा. नवा ऑपरेटर पहिल्या रात्रपाळीला आला की त्यालाही कुणी बसवून शिकवत नाही. ब्रेकर ट्रिप झाला की आपोआप कळतं कुठे पळायचं. शंभर पानं म्हणजे एक रात्रपाळी. तिला सांग, सकाळपर्यंत थांबायचं होतं.

आता मुख्य खटला. केट डॅनियल्स उर्मट आहे का?

पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं. तिला सांभाळणारा ग्रेग मारला गेलाय, खुनी शोधायचाय, त्यासाठी ज्यांची मदत लागणार त्या प्रत्येकाशी ती भांडण उकरून काढते. करनला ती पहिल्यांदा भेटते तो प्रसंग घे. नररूपी जनावरांच्या त्या पॅकचा राजा, स्वतः सिंह होणारा, अंधारात उभा. आणि ही त्याला दारावरच्या मांजरीला बोलवावं तसं बोलावते! मी पुस्तक पालथं ठेवलं. म्हटलं, ज्याच्याकडे काम आहे त्याला असं बोलायचं? मी आयुष्यभर साहेबांना ‘हो साहेब’ म्हणून ट्रान्सफॉर्मर मिळवलेत.

तुझी आई मेथी निवडत होती. तिला तो प्रसंग मराठीत सांगितला. ती पोट धरून हसली, आणि म्हणाली, ‘उर्मट नाही हो, फटकळ आहे.’ मी म्हटलं, फरक काय? तर म्हणे, उर्मट माणूस समोरच्याला कमी लेखतो. फटकळ माणूस स्वतःला भीती वाटते ते कळू देत नाही. तिची आत्या तशी होती, विधवा, तीन एकरांची मालकीण, तलाठ्यालासुद्धा अंगणात उभं करून बोलायची. रात्री मात्र उशाशी विळा घेऊन झोपायची. एवढं सांगून आई मेथी धुवायला उठली. माझे एकोणीस दिवस आणि तिची एक जुडी.

मग मी तो प्रसंग पुन्हा वाचला. पोरगी घाबरलेलीच आहे गं. तिच्याच तोंडून गोष्ट आहे, तरी ती आपल्याला ते सरळ सांगत नाही, मध्ये विनोद घालते. मला ही लेखकांची करामत वाटते. तुमच्यातल्या काहींना ती लेखकांची चूक वाटते.

त्या मुलाच्या मुद्द्याबद्दल. निम्मं मान्य. मी शाळेत असताना चार आणे भाड्याने बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणून वाचायचो. त्यांचा झुंजार पोलिसांना टोपी घालायचा आणि आम्ही टाळ्या पिटायचो. ‘केवढा उद्धट’ असं आमच्यापैकी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. पण उरलेलं निम्मं असं की झुंजार कधी चुकतही नसे. ही चुकते. त्या डॉक्टरवर, क्रेस्टवर, तिचा संशय जातो, ती त्याचा पुरता अपमान होऊ देते, आणि तो बिचारा निर्दोष निघतो. ‘नायिका मूर्ख ठरते’ म्हणून तुझ्या मैत्रिणीने त्याला नाक मुरडलं. मला तेच पान पुस्तकातलं सर्वांत खरं वाटलं. हुशार माणसाची खात्रीने केलेली चूक मी कंट्रोल रूममध्ये पाहिली आहे, एकदा माझ्याच हातून झाली आहे. त्या दिवशी कुणी मेलं नाही एवढंच.

इलोना अँड्र्यूज म्हणजे एक लेखक नसून नवरा-बायको आहेत हे तू सांगितलंस ते बरं केलंस. ती रशियात जन्मलेली, तो अमेरिकेच्या सैन्यात होता. कॉलेजात इंग्रजीच्या वर्गात भेटले आणि मार्क तिला जास्त पडले, हे वाचून तुझी आई म्हणाली, म्हणून जमलं. २००७ साली हा पहिला भाग आला आणि २०१८ पर्यंत दहा झाले. एका संसारात दहा वेळा तेच शहर दोघांनी मिळून बांधायचं म्हणजे गंमत नाही. आम्हांला दोघांना एक न्हाणीघर बांधताना तीन महिने अबोला धरावा लागला.

दुसरा भाग, ‘मॅजिक बर्न्स’, भराभर वाचला. त्यात ती ज्युली येते, रस्त्यावरची, आई हरवलेली. केटला एकाएकी कुणाचं तरी जेवणखाण बघायचं असतं आणि तिची जीभ तशीच राहून हात मऊ होतात. मैत्रिणीचं ‘दम धर’ इथेच खरं ठरतं, तिसऱ्यापर्यंत थांबायला नको.

पण मला लागून राहिलाय तो वोरोन. तिला वाढवणारा, मानलेला बाप. गोष्टीत तो आधीच मेलेला, तरी पानोपानी आहे. त्याने तलवार शिकवली, कुणावर विश्वास ठेवू नकोस हे शिकवलं, आणि रक्त मागे सोडू नकोस हे शिकवलं. तिचं रक्त कुणी तपासलं तर ती कुणाची लेक ते उघड होईल, म्हणून ती जखम पुसलेलं फडकं जाळून टाकते. त्याने तिला हत्यार म्हणूनच घडवलं होतं हे पुढच्या भागांत कळतं असं तू म्हणालीस. मला ते पहिल्याच भागात कळलं.

दुसऱ्या पुस्तकात, ज्युली भेटते त्याच्या जरा पुढे, एक कागद होता. तू खूण म्हणून घातला असशील आणि विसरलीस. बेंगळुरूच्या लॅबचा, ऑगस्टचा. डेंगी पॉझिटिव्ह, प्लेटलेट अडतीस हजार. त्या आठवड्यात तू फोन केला होतास की ऑफिसात रिलीज आहे, गणपतीला येता येणार नाही. आवाज बसलेला होता. एसीने, म्हणालीस.

केट फडकं जाळते. तुला कागदही नीट जाळता आला नाही.

मी रागावलेलो नाही. तू नऊ वर्षांची असताना सायकलवरून पडलीस, कपाळाला पाच टाके पडले आणि तू हूं की चूं केलं नाहीस. मी ते अख्ख्या उपकेंद्राला पेढे वाटल्यासारखं सांगत फिरलो. ‘आमची राणी खमकी आहे.’ तू बाजूला उभी राहून ऐकत होतीस. तुझा चेहरा मला आत्ता, हे लिहिताना, पहिल्यांदा दिसला.

तर माझा निवाडा कट्ट्यावर असा सांग: पुस्तक चांगलं, पहिली शंभर पानं अवघड, नायिका फटकळ. उर्मट म्हणणाऱ्या मैत्रिणीला आईची मेथीची गोष्ट सांग.

तिसऱ्या भागात आपले राक्षस येतात आणि त्यांचं विमानही आहे असं तू म्हणालीस. अटलांटात त्यांना कसं वागवलंय ते मला बघायचंय, तो लवकर पाठव. आईला मी कागद दाखवला. ती दोन दिवस तुझ्याशी फोनवर नेहमीसारखीच बोलली, ते तुला कळलं नसेल. पुढचं पार्सल आलं की आधी तीच उघडून पानं झटकणार आहे.

तुझा,
अप्पा