कमाल हाताची, तशी जिन्याचीही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडवरचा लेख वाचला. त्यांचा ड्रमवादक जॉन बॉनम ड्रम 'फोडून काढायचा' असं त्यात तीनदा आलंय. तीस वर्षं ध्वनिमुद्रणात काढलेल्या माणसाला हे खटकतं. नुसत्या जोरावर तसा आवाज निघत असता, तर विसर्जन मिरवणुकीतल्या प्रत्येक पथकाने तो काढला असता.

त्यांच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याचे ड्रम कसे मुद्रित झाले, ते लेखात यायला हवं होतं. ते झालं इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंजमध्ये. हे 1795 सालचं, एके काळी गरिबांना कामाला ठेवायचं घर. बॉनमचा ड्रमसेट तिथल्या उंच प्रवेशदालनात, जिन्याच्या पायथ्याशी मांडला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने दोन माइक वरच्या मजल्याच्या कठड्याजवळून खाली सोडले. 26 इंची बास ड्रमला वेगळा माइकच नाही! वर बिन्सन कंपनीच्या इको (प्रतिध्वनी देणाऱ्या) यंत्राची थोडी फोडणी. आपण ऐकतो तो ठोका निम्मा बॉनमचा, निम्मा त्या भिंतींचा. पुढे हिप-हॉपवाल्यांनी हाच ठोका उचलला. 1986 साली बीस्टी बॉइज या अमेरिकी रॅप गटाने तर आपल्या अल्बमची सुरुवातच त्याने केली.

एकदा आमच्या वाड्याच्या जिन्यात ढोलकी ठेवून मी हा प्रयोग केला. माइक तोंडाशी होता तोवर शाई नि थाप स्वच्छ, पण आवाज बसका. तोच माइक पहिल्या मजल्यावर नेला तर ढोलकी दुप्पट मोठी झाल्यासारखी वाटली. (वरच्या काकूंनी दार उघडून काय म्हटलं, तेही टेपवर आहे.)

आता अल्बमबद्दल. 'लेव्ही' ज्यात आहे, त्या नोव्हेंबर 1971 मध्ये आलेल्या चौथ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ना नाव, ना बँडचं नाव. पोपडे उडालेल्या भिंतीवर मोळी वाहणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र तेवढं. यातलं 'स्टेअरवे टू हेवन' एवढं गाजूनही बँडने अमेरिकेत त्याची सुटी तबकडी काढू दिली नाही. हवं तर अख्खी एलपी घ्या! ते गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी, 'लेव्ही' दुसरीच्या शेवटी. तबकडी उलटायला उठणाऱ्या श्रोत्याचा विचार करून लावलेला हा क्रम शफलवर ऐकणाऱ्यांच्या पदरी कसा पडणार?

याच अल्बममधलं 'फोर स्टिक्स' बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं. बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट यांनी 1972 साली मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ते पुन्हा मुद्रित केलं. ते अधिकृतपणे बाहेर आलं 2015 मध्ये. त्यात बॉनम नाही, तबला आहे. लेखासोबत ड्रमसेटचे चार फोटो छापलेत; त्यातला एक गाळून ही माहिती देता आली असती.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, पुणे