शून्य मिलिमीटरसुद्धा लिहायचं

बोल्डर, कोलोरॅडो
ता. २ मार्च

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

सातवीच्या वर्गाला परदेशातल्या एखाद्या शाळेशी जोडून पर्यावरणाचं काहीतरी करायचा तुमचा बेत कळला. व्हिडिओ कॉल, चित्रांची देवाणघेवाण, झाडं लावतानाचे फोटो. वाईट काही नाही त्यात. पण अशा ओळखी दोन-तीन कॉलनंतर विझतात, कारण बोलायला काही उरत नाही. दोन्हीकडच्या मुलांनी एकच गोष्ट एकाच पद्धतीने मोजली, की प्रश्न आपोआप पडतात. तुमच्याकडे एवढा पाऊस कसा? आमच्याकडे गवत आणि डांबर यांच्या तापमानात एवढा फरक का नाही? म्हणून माझं मत ‘ग्लोब’ला.

१९९४ च्या वसुंधरा दिनी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी हा कार्यक्रम जाहीर केला आणि १९९५ पासून शाळांचं काम सुरू झालं. नासाचा आधार आहे, १२० पेक्षा जास्त देश आहेत, भारत २००० साली आला. मुलांनी ठरलेल्या पद्धतीने हवा, पाणी, माती, झाडं मोजायची आणि आकडे सामाईक साठ्यात भरायचे. तो साठा कोणालाही फुकट पाहता येतो. प्रत्येक मोजणीची पद्धत लिहून ठेवलेली आहे, तिला प्रोटोकॉल म्हणतात. तिथे ‘साधारण’ चालत नाही. इकडची एक शाळा सकाळी आठला आणि तिकडची दुपारी तीनला तापमान घेत असेल, तर दोघींच्या वह्या शेजारी ठेवून काही उपयोग नाही.

वेळेपासूनच सुरुवात करा. ग्लोबची रोजची नोंद स्थानिक सौर मध्यान्हाच्या अलीकडे-पलीकडे एक तासाच्या आत घ्यायची असते. सौर मध्यान्ह म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त यांचा बरोबर मध्य. मेच्या मध्याला तुमच्या वाईत सूर्य सहाला उगवतो आणि सातला मावळतो, म्हणजे मध्य साडेबारा. बाराच का नाही? आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आणि वाई ७४ अंशांच्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरा, चौतीस मिनिटं होतात. त्यात वर्षभरात सूर्य थोडा मागेपुढे होतो: फेब्रुवारीत मध्यान्ह पावणेएकच्या पुढे जातं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आसपास येतं. तुम्ही वर्षभर साडेबारा ठेवा, वीस मिनिटांपेक्षा जास्त फरक कधीच पडणार नाही. मधल्या सुट्टीची वेळ जुळत असेल तर सोन्याहून पिवळं.

साठ्यात वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळेने जाते, त्यासाठी आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. साडेबाराचे सात वाजतात. हमखास होणारी चूक म्हणजे साडेबाराच भरणं. मग वाईची नोंद संध्याकाळी सहाची दिसते आणि दुपारचं तापमान तिन्हीसांजेला चिकटतं. युरोपातली शाळा जोडीला मिळाली तर आणखी एक खोडा: मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात. फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही वेळा कायमच्या लिहून ठेवा.

आता पाऊस. पहिलं वर्ष भर पावसावरच द्या असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, कारण त्यात चूक कुठे होते ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. ठरलेल्या मापाचा पर्जन्यमापक मिळेपर्यंत सरावाला घरचा चालेल. नरसाळ्याचं तोंड ११.३ सेंटिमीटर व्यासाचं घ्या. त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून खालच्या डब्यात जमलेलं प्रत्येक १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. भागाकार करायचा नाही, नुसता दशांश सरकवायचा. मोजायला १०० मिलिलिटरचं मोजपात्र, आणि थोड्या पाण्यासाठी औषधाच्या दुकानातली १० मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज. डबा निदान तीन लिटरचा हवा. तुमच्याकडे तो क्वचित भरेल, पण महाबळेश्वरच्या अंगाला एका दिवसात ३०० मिलिमीटर पडणं नवं नाही. इथे अमेरिकेत पाऊस मोजणारे स्वयंसेवक वापरतात तो चार इंची पर्जन्यमापक ११ इंचांना, म्हणजे २८० मिलिमीटरला, काठोकाठ भरतो. तो घाटमाथ्यावरच्या शाळेला नुसता पाठवून दिला तर ऐन मोलाच्या दिवशीच ओसंडेल.

जागा: जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या चौपट अंतर. इमारत पाच मीटर उंच असेल तर वीस मीटर. आपलं हवामान खातं किमान दुप्पट मागतं. मैदान लहान असेल तर निदान तेवढं तरी पाळा, आणि अंतर वहीत लिहून ठेवा. गच्चीवर अजिबात नको. तिथे वारा काठावरून उसळतो आणि थेंब नरसाळ्यावरून उडून जातात. आषाढातल्या तिरक्या पावसात आकडा कमीच येणार. फरशीवर ठेवलात तर उलट, शिंतोडे उडून आकडा वाढतो. काठ आडवा आहे का ते पाणसळीने पाहा. नरसाळ्यात पान किंवा पाखराची घाण अडकली की पाणी वर साचतं आणि उडून जातं, म्हणून दर सोमवारी साफ करायचं. आणि रोज रिकामा करायचा. नाहीतर डासांच्या अळ्या पाळण्याचं तेच उत्तम भांडं होतं. गावात ‘कोरडा दिवस’ पाळायला, म्हणजे डासांसाठी पाण्याची भांडी रिकामी करायला सांगणाऱ्या शाळेत हे बरं दिसणार नाही.

पाणी वाचताना डोळा पातळीसमोर आणायचा आणि वक्र पृष्ठभागाचा तळ धरायचा. तीन मुलांनी एकमेकांना न सांगता वाचायचं. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा. हुशार मुलाचा आकडा बाकीचे उचलतात, हा या कामातला सगळ्यात जुना रोग आहे. त्यासाठी तीन वेगळ्या चिठ्ठ्या ठेवा.

आणि वहिनी, शून्य. पाऊस पडला नाही त्या दिवशीही ०.० लिहायचं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ‘लेशमात्र’, त्याला वेगळी खूण आहे. मोजलंच नाही किंवा डबा कोणी सांडला तर ‘नोंद नाही’. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलं तिन्हींसाठी रकाना कोरा सोडतात. कोऱ्या रकान्यावरून सहा महिन्यांनी कोणाला कळणार, की कोरडं गेलं होतं की सगळे सहलीला गेले होते? रविवारची नोंद राहिली तर सोमवारचं पाणी दोन दिवसांत वाटायचं नाही. एकच आकडा, आणि पुढे ‘२ दिवसांचा साठा’. आठवड्याच्या वर सुट्टी गेली तर तो साठा सोडून द्या, तोवर बरंच उडून गेलेलं असतं. दिवाळीत हे होणारच.

शून्याचं महत्त्व इथे फोर्ट कॉलिन्सने पटवलं. बोल्डरपासून तासाभराचं अंतर. २८ जुलै १९९७ च्या पुरात पाच माणसं गेली. गावाच्या एका टोकाला चौदा इंचांच्या वर पाऊस, दुसऱ्या टोकाला दोन इंचही नाही. अधिकृत मापकांच्या मध्ये काय कोसळलं ते लोकांच्या परसातल्या डब्याबादल्यांतून शोधावं लागलं. पुढच्याच वर्षी तिथल्या विद्यापीठातून स्वयंसेवकांचं पर्जन्यमापकांचं जाळं सुरू झालं. ते आता अमेरिकाभर आणि कॅनडापर्यंत पसरलंय, आणि ‘शून्य कळवा’ असा स्वयंसेवकांमागे धोशा असतो. सातारा जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. महाबळेश्वरात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात जेमतेम पाचशे. परदेशातली जोडी मिळेपर्यंत माणमधल्या दहिवडीकडची एक शाळा जोडीला घेतलीत तर मुलांना आकडे आधी तिथेच बोलके होतील.

एक सावधगिरी: हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तुमचा साडेबाराला. वर्तमानपत्रातला आकडा आणि तुमचा आकडा रोजच्या रोज जुळणार नाही. पालक विचारतील तेव्हा मुलांना हे उत्तर देता आलं पाहिजे. महिन्याची बेरीज जवळपास यायला हवी. तीही आली नाही तर जागा तपासा.

ढगांना पैसा लागत नाही. ग्लोबचं मोबाइल ॲप आहे, ते शिक्षकाच्या खात्यावरूनच चालवा. मुलांची नावं आणि चेहरे कुठल्याही फोटोत नकोत. चार दिशा, वर आणि खाली असे सहा फोटो, आणि आकाशाचा किती भाग झाकलाय त्याचा अंदाज: १० टक्क्यांपर्यंत, २५, ५०, ९०, त्याच्या वर. मुलं नेहमी जास्तच सांगतात, कारण क्षितिजाजवळ ढग एकामागे एक दाटलेले दिसतात. हात लांब करून क्षितिजावर दीड मूठ उंचीचा पट्टा सोडून द्यायला शिकवा. आधी वर्गात सराव: निळ्या कार्डशीटवर पांढरा कागद फाडून चिकटवायचा, कागद किती टक्के घेतला ते चिकटवणाऱ्यालाच ठाऊक, बाकीच्यांनी ओळखायचं. दोन तासिकांत नजर बसते. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या पंधरा मिनिटांच्या आत नोंद गेली तर नासा दोन्ही जुळवून ईमेल पाठवते. उपग्रहाला वरच्या ढगांखालचे ढग दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात. जुलैत रोज ‘पूर्ण झाकलेलं’ लिहून मुलं कंटाळतील. लिहू द्या.

तापमानाची पांढरी पेटी दीड मीटर उंच, गवतावर, दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. आपल्याकडे मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, तेव्हा पेटीचं छप्पर पुढे आलेलं करून घ्या आणि दार उघडून गप्पा मारत बसायचं नाही. तापमापक आधी बर्फात तपासायचा: चुरलेला बर्फ जास्त आणि पाणी कमी, दहा-पंधरा मिनिटं थांबून वाचायचं. शून्यापासून अर्ध्या अंशापेक्षा जास्त ढळला तर दुकानात परत.

जोडीच्या शाळेसाठी माझी पहिली निवड जमिनीच्या तापमानाची. इन्फ्रारेड तापमापक (तापाचा नव्हे, तो माणसाच्या अंगापुरताच असतो) अर्धा तास आधी बाहेर ठेवायचा, मग गवतावर नऊ ठिकाणी आणि डांबरावर नऊ ठिकाणी, दोन जागांत किमान पाच मीटर, हात लांब करून सरळ खाली रोखून वाचायचं. स्वतःच्या सावलीवर नाही. पत्र्यावर रोखलात तर आकडा खोटा येईल. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. मुलं आधी पत्र्यावरच रोखतील, तेव्हा ते एकदा करूनच दाखवा.

काळ निवडताना सुट्ट्या समोर ठेवा. तुमची शाळा मे ते जूनच्या मध्यापर्यंत बंद, युरोपातली जुलै-ऑगस्टमध्ये. सलग वर्षभराची जोडी ठरवली की मोडते. सप्टेंबर किंवा फेब्रुवारीतला एक पंधरवडा धरा, रोज एकच मोजणी, आणि शेवटी एक कॉल, तोही दोन्हीकडचे आलेख समोर असताना. थायलंड, क्रोएशिया, चेक प्रजासत्ताक इथल्या शाळा या कामात जुन्या आहेत. थायलंडच्या मुलांना पावसाळा समजावून सांगावा लागणार नाही. मात्र कोंब फुटण्याच्या नोंदी युरोपाबरोबर लगेच घेऊ नका. तिथे हिवाळा सरला की पालवी. आपला पिंपळ भर उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाचा थेंब नसताना कोवळा होतो. तो वेगळा आणि फार चांगला विषय आहे, दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

आधी तुम्हाला स्वतःला ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करावं लागेल, त्याशिवाय शाळेच्या नावाने आकडे भरता येत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये ते उरका, मेमध्ये खांब रोवून घ्या. वळवाचा पहिला पाऊस सुटायला नको.

आईंना व अण्णाला सा. न., पोरांना आशीर्वाद.

आपला,
भावजी

ता. क. नरसाळ्याचा व्यास आतल्या काठापासून मोजा. बाहेरून ११.३ भरला आणि कडा दोन-दोन मिलिमीटर जाड असली, तर तोंड १०.९ चंच राहतं आणि वर्षभराचा पाऊस सात टक्के कमी दिसतो.