टिळकांच्या नावावर काहीही खपवू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेली काही वर्षं आपल्या राज्यात पक्ष फुटला, कोणी रातोरात बाजू बदलली, कोणी पहाटे शपथ घेतली की दुसऱ्या दिवशीच्या हेडलाइन ठरलेल्या असतात, मास्टरस्ट्रोक, चाणक्यनीती, करेक्ट कार्यक्रम. आणि मग व्हॉट्सॲपवर कोणीतरी लोकमान्यांचं वाक्य फिरवतं की राजकारण हे साधूंचं काम नाही, जशास तसं वागावंच लागतं. मला हे मनापासून खटकतं, कारण टिळकांनी हे ज्या पत्रात लिहिलं ते पत्रच मुळात ‘राजकारणात सगळं माफ’ हे माझं मत नाही, हे सांगायला लिहिलेलं होतं.

झालं असं की डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. जालियनवाला बागेला वर्षही झालेलं नव्हतं आणि ब्रिटिशांनी नवा सुधारणा कायदा आणला होता, त्याचं काय करायचं यावर भांडण. टिळक आणि चित्तरंजन दास म्हणत होते या सुधारणा अपुऱ्या आहेत, निराशाजनक आहेत, हे ठरावात स्पष्ट लिहा. गांधींचं म्हणणं, जे दिलंय ते मोकळ्या मनाने घ्या, ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री मॉन्टेग्यू यांचे आभार माना. शेवटी तडजोड झाली. नंतर गांधींनी आपल्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात या ठरावावर लेख लिहिला आणि त्यात म्हटलं की टिळकांच्या मते राजकारणात सगळंच योग्य असतं. टिळकांनी १८ जानेवारी १९२० ला पुण्याहून पत्र पाठवलं, म्हणजे संपादकाला पत्रच की! माझं मत तुम्ही बरोबर मांडलेलं नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं. राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नाही, त्यामुळे रागाला अक्रोधाने जिंका या बुद्धाच्या वचनापेक्षा मला श्रीकृष्णाचं ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’, म्हणजे जो माझ्याशी जसा वागतो तसाच मी त्याच्याशी वागतो, हे जवळचं वाटतं. आणि पुढचं वाक्य, जे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं, ते असं की दोन्ही मार्ग सारखेच प्रामाणिक आणि धर्माला धरून आहेत, फक्त एक या जगाला जास्त मानवणारा आहे.

गांधींनी ते पत्र छापलं आणि खाली उत्तर दिलं. जग साधूंसाठी नाही असं मानणं हा मनाचा आळस आहे, आणि शठं प्रति शाठ्यम्, म्हणजे लबाडाशी लबाडी, हा नाही, माझा नियम शठं प्रत्यपि सत्यम्. समोरचा लबाड असला तरी आपण सत्यानेच वागायचं.

माणसाच्या स्वभावाबद्दल विचाराल तर मला टिळकांचं जास्त पटतं. समोरचा जसा आहे तसा धरून चालावं लागतं, प्रत्येक जण आपल्या चांगुलपणाने विरघळेल अशा भरवशावर देश चालत नाही. पण टिळकांनी स्वतःला अट घालून घेतली होती. १८९७ च्या शिवाजी उत्सवात अफझलखानाच्या वधावर बोलताना त्यांनी महाराजांना दोष दिला नाही, का, तर ते कृत्य स्वतःच्या फायद्यासाठी नव्हतं, लोकांसाठी होतं. ‘केसरी’त ते छापून आलं आणि राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढे १९०८ ला सहा वर्षं मंडाले, आणि ते तिथे असतानाच १९१२ मध्ये इकडे सत्यभामाबाई गेल्या. आपल्या विचाराची किंमत या माणसाने स्वतः मोजली.

गांधींचंही तेच. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने चौकी पेटवून पोलिसांना जाळलं तेव्हा गुजरातमधल्या बारडोलीचा कायदेभंगाचा लढा अगदी तोंडावर होता, सगळे सहकारी चिडले तरी त्यांनी आंदोलन थांबवलं आणि पाच दिवस उपास केला. पुढच्याच महिन्यात त्यांनाही राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी टिळकांच्या खटल्याचा उल्लेख केला तेव्हा गांधी म्हणाले की त्यांच्या नावाशी माझं नाव जोडलं जाणं हा माझा मोठा सन्मान आहे. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याशी छापील वाद घातला त्यांच्याबद्दल हे बोलले! १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले तेव्हा त्यांच्या तिरडीला गांधींनी खांदाही दिला होता.

आता आजच्या ‘जशास तसं’ची किंमत कोण मोजतं ते बघा. ज्याने एका चिन्हावर मत दिलं त्याचा आमदार दुसरीकडे जाऊन बसतो, आणि ज्याने उडी मारली त्याला मंत्रिपद. यावर लोक म्हणतात माणूस असाच असतो, काय करणार. अहो, पण माणूस असा असतो हे माहीत होतं म्हणूनच तर १९८५ ला पक्षांतरबंदी कायदा आला आणि २००३ ला, एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर पद वाचायचं, ती पळवाट बंद केली. बाबासाहेबांनी १९४८ ला संविधान सभेत सांगितलंच होतं की संवैधानिक नैतिकता ही माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. आणि रुजवायची जबाबदारी जशी नेत्यांची तशी पेपरवाल्यांचीही आहे असं मला वाटतं, कारण फोडाफोडीला तुम्ही पहिल्या पानावर हुशारी म्हणून छापलं की तालुक्यातला विशीतला कार्यकर्ता तेच शिकतो. चाणक्याचं नाव देता तेही अर्धवटच, अर्थशास्त्रात राजाने आधी स्वतःची इंद्रियं जिंकावी असं सांगितलंय आणि प्रजेच्या सुखातच राजाचं सुख असंही, ते कोणी छापत नाही.

म्हणून एक विनंती आहे. येत्या १ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, नेहमीचा फोटो आणि अभिवादनाच्या जाहिराती असतीलच, त्याच पानावर टिळकांचं ते पत्र आणि गांधींचं उत्तर दोन्ही पूर्ण छापा, काटछाट न करता, शेजारी शेजारी. दोन्ही मिळून पाव पानसुद्धा लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा