तो दगड फर्नचा नव्हता

राजापूर
१२ फेब्रुवारी

प्रिय दिन्या,

दिवाळीत तुझं पत्र आलं, उत्तर दिलं नाही. नंतर फोन आला तेव्हा ‘वर्गात आहे, करतो’ म्हणालो आणि केला नाही. रागावला असशील तर तुझं बरोबर आहे. मी ठीक. आईचे गुडघे तसेच, गोळ्या चालू आहेत. आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते.

तो दगड फर्नचा नाही. तू म्हणत होतास तेच खरं.

दहावीच्या सुट्टीत अर्जुना नदीच्या कोंडीत सापडलेला तो, काळ्या नक्षीचा, मी फर्नचा जीवाश्म म्हणायचो तो. त्याच्यापायी आपण अख्खा पावसाळा एकमेकांशी बोललो नव्हतो. तू म्हणायचास, “लाव्हारसात फर्न कुठून येणार? जळून जाईल.” मी लगेच वरळीचे बेडूक पुढे करायचो. वरळीच्या टेकडीत सापडलेल्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये केलं, एवढं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि तेवढ्या बळावर तुझ्याशी भांडत होतो. “बेडूक सापडतो तर फर्न का नाही?” तू शांतपणे म्हणालास, “ते बेडूक लाव्हात नव्हते. दोन लाव्हांच्या थरांमध्ये तळं साचलं होतं, त्याच्या गाळात होते. तुझा दगड गाळाचा आहे का?” आणि हातोडा उचललास. मी तुझं मनगट पकडलं. पुढचं तुला माहीत आहे. सायकल नदीत मी मुद्दाम ढकलली नव्हती, हे मात्र आजही सांगतो.

संक्रांतीनंतर नदी खाली गेली तेव्हा एकटाच कोंडीवर गेलो होतो. तसाच एक दगड मिळाला, त्याहून मोठा. बाजूने एक बारीक चीर दिसत होती. या वेळी मनगट धरायला कुणी नव्हतं. चिरेवर हातोडा मारला आणि दगड वहीसारखा उघडला. दोन्ही पानांवर तीच नक्षी, आरशात पाहावी तशी. भिंग लावून बसलो. पानाला मधली शीर असते, तिच्या दोन्ही बाजूंना पर्णिका ठरावीक अंतराने येतात. इथे शीरच नव्हती. फांदी वाटेल तिथे फुटलेली, आणि सगळ्या फांद्या दगडाच्या कडेकडून आत सरकत आलेल्या. पानाला जाडी असते, ठसा खोलगट असतो. याला ना खोली ना उठाव, नुसता काळा मुलामा. चिरेतून पाणी झिरपलं, त्यातलं मँगनीज पसरत गेलं आणि झाडासारखं दिसू लागलं. बस्स. हेच तू सोळाव्या वर्षी सांगत होतास.

गंमत बघ. तुमच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम होता. आजी आंघोळ करून आल्याशिवाय हात लावू द्यायची नाही, आणि आपण वाकून वाकून त्याचं चक्र बघायचो. ते चक्र म्हणजे अॅमोनाइट, हिमालय उभा राहण्याआधी तिथे जो समुद्र होता त्यातला शंखवाला प्राणी. गंडकीच्या पात्रातून तुमच्या घरी आलेला अस्सल जीवाश्म समोर ठेवून आपण अर्जुनेत गोटे उलथत होतो!

दगडाचं एवढंच असतं तर फोनवर सांगितलं असतं. पण तो दगड बावीस वर्षं शाळेच्या कपाटात आहे. खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी : ‘फर्न (जीवाश्म), अर्जुना नदी’. बावीस वर्षं प्रत्येक सातवीला मी तो हातात देतोय आणि मुलं श्वास रोखून बघतायत. आणि याच वर्षी, गणपतीची सुट्टी संपल्यावर, एक मुलगी पिशवीतून काहीतरी घेऊन आली.

वितीएवढा तुकडा. तपकिरी काळा, चपटा, ओला. “सर, हे झाड आहे. नदीच्या पात्रात मिळालं. दगडासारखं जुनं आहे, पण झाड आहे.” दर सोमवारी ही मुलगी काही ना काही आणायची, गारगोटी, शिंपला, एकदा खवल्या मांजराचं खवलं. मी तुकडा पाहिला, एक कपची मोडली आणि काडी लावली. ती पेटली. कडवट धूर आला. मी म्हणालो, “जीवाश्म म्हणजे दगड झालेला असतो. दगड जळतो का? हे कुणाच्या तरी शेतातलं जळकं खोड.” वर्ग हसला. मी तो तुकडा खिडकीतून मागच्या पऱ्ह्यात, ओढ्यात, टाकला, आणि मग कपाटातला माझा दगड काढून तिला दाखवला, खरा जीवाश्म कसा असतो ते.

दिन्या, त्या दिवसापासून तिने काही आणलेलं नाही.

कोंडीवर तो दगड फुटला त्या रात्री झोप लागली नाही. यात चुकलो तर त्यात कशावरून बरोबर होतो? सकाळी वरच्या वाडीत गेलो. तिथे मे महिन्यात एकाने विहीर खणली होती. वर जांभा, त्याखाली शेडीची मऊ माती, आणि चाळीसेक फुटांवर काळी चिकणमाती लागली म्हणाला, घाण वास येणारी. ती सगळी पऱ्ह्यावर ओतली होती, पावसात नदीला गेली. उरलेल्या ढिगात हात घातला तर दहा मिनिटांत दोन तुकडे. चपटे, कारण वरच्या थरांच्या वजनाने खोड दाबलं गेलेलं. भिंगातून धागे सरळ दिसतात. बशीच्या बुडाच्या खरबरीत कडेवर घासलं तर तपकिरी रेघ उठली. चुलीतला कोळसा घासला तर काळीकुट्ट. एक तुकडा खिडकीत वाळत ठेवला, दोन दिवसांत उभा आडवा तडकला. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय.

लिग्नाइट आहे रे, अर्धवट कोळसा झालेलं लाकूड. आपल्याकडे जांभ्याखाली असे थर आहेत, मायोसीन काळातले मानतात, म्हणजे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे. दगड न होताही झाड टिकतं, गाळात हवा न लागता दबलं की. ते जळणारच, मी काडी लावून काय सिद्ध केलं? तिने नुसत्या डोळ्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पऱ्ह्यात उतरून मी टाकलेला तुकडा शोधला. गुडघाभर काटेरी झुडपं, दोन बाटल्या, बाकी काही नाही.

आता मला सांग, कसं बोलू? नुसती चिठ्ठी बदलून ‘मँगनीजची नक्षी’ लिहिलं तर कुणाला कळणारही नाही, आणि तेच मला नकोय. मुख्याध्यापक म्हणतात, कशाला उकरायचं, मुलांचा विश्वास उडतो. मला वाटतं वर्गासमोरच बोललं पाहिजे, कारण हसला वर्ग होता. पण तिला आधी एकटीला सांगायला हवं का? सगळ्यांसमोर तिच्याकडे नजरा वळल्या तर ती आणखी मिटून बसेल. तुला मुली आहेत, तुला कळेल.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेला पत्राचा मसुदा केलाय. १९४६ पासून तिथे वनस्पतींच्या जीवाश्मांचं काम चालतं. झाड कुठलं ते त्यांना लाकूड कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की कळेल. ‘शोधणारी’ म्हणून तिचं नाव घालायचंय, पण तिला विचारल्याशिवाय घालणार नाही.

तुझी बदली झाली की नाही? थोरलीचं लग्न ठरलं असं मावशीकडून कळलं, तू सांगितलं नाहीस, पण मी कुठल्या तोंडाने बोलू! वहिनींना नमस्कार. आंबा यंदा बरा आहे, पेटी पाठवतो.

शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटते. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने निघालास तर पोचशील. कपाटातला दगड मी अजून फोडलेला नाही. तो तुझ्या हातून फुटायला हवा, वर्गासमोर. येताना हातोडा आण, माझ्याचा दांडा सुटलाय.

तुझा,
अन्या