दातांच्या तारा निघाल्यावरही परत येणाऱ्यांना

सप्रेम नमस्कार.

काही दुखत-खुपत नसताना दातांच्या दवाखान्याची पायरी कोण चढतं? तुम्ही चढलात. तारा काढून दहा-पंधरा वर्षं झाली तरी बोलावल्यावर आलात, पुन्हा मापं दिलीत, फोटोसाठी ओठ ताणून धरलेत. दंतव्यंगोपचार, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याचं काम, करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

तारा काढल्या त्या दिवशीचे दातांचे साचे सगळ्यांचेच देखणे असतात. काम टिकलं का, ते तुमच्या नंतरच्या साच्यांवरून कळतं. खालच्या पुढच्या सहा दातांमधले पाच संपर्कबिंदू (शेजारचे दात एकमेकांना टेकतात त्या जागा) किती सरकले ते कॅलिपरने मोजायचं आणि मिलिमीटरची बेरीज करायची, ही दंतव्यंगोपचारतज्ज्ञ लिटल यांनी 1975 मध्ये मांडलेली पद्धत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अशाच परत आलेल्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. उपदाढा (सुळ्यांमागचे दात) काढून उपचार केलेल्यांपैकी, रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) थांबवल्यावर दहा वर्षांनी, खालचे दात समाधानकारक सरळ राहिलेले 30 टक्केसुद्धा नव्हते. आमचा तोरा उतरवणारा आकडा आहे हा.

फिरलेला दात सरळ केला तरी हिरडीतले लवचिक तंतू ताणलेलेच राहतात. त्यांना नव्या जागेची सवय व्हायला वर्षभर, कधी जास्तही लागतं. खालच्या सुळ्यांमधलं अंतर वाढवून जागा केली, तर ते बहुधा पुन्हा आकसतं. शिवाय वयाबरोबर खालचे दात दाटी करतातच, कधीच तारा न लावलेल्यांचेही. (अक्कलदाढेवर उगाच खापर फुटतं.)

दात जागेवर राहावेत म्हणून आतून चिकटवलेली तार तपासायला वेळेवर आलात, त्यांचे आभार वेगळे. एकाच दातावरचं, तार चिकटवणारं कॉम्पोझिट सुटलं तर तार जागेवरच दिसते, टोचतही नाही, पण तो दात गुपचूप फिरू लागतो. त्याहून फसवी असते ती सगळीकडे घट्ट चिकटलेली, पण कुठेतरी पिळलेली तार. ती स्वतःच दाताला ढकलते आणि त्याचं मूळ हाडाच्या कडेकडे सरकतं. ती तशीच ठेवून डागडुजी चालत नाही, काढावीच लागते. जिभेला काहीतरी वेगळं लागतंय एवढ्यावरून जे त्याच आठवड्यात आले, त्यांचं काम थोडक्यात आटोपलं.

आणखी एक गोष्ट तुमच्याकडूनच शिकलो. खालचे दात दोन मिलिमीटर सरकूनही कुणी खूश असतं, तर वरचा पुढचा एक दात किंचित वळला म्हणून कुणी हळहळतं. आमची कॅलिपर आणि तुमचा आरसा वेगवेगळं मोजतात. सर्वांत नाराज भेटले ते, ज्यांना रिटेनर रात्री वर्षानुवर्षं लावायचा असतो हे सुरुवातीला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. ती चूक आमची.

पुढच्या वेळी येताना रिटेनर सोबत आणा, डबीतच; कागदात गुंडाळलेला हमखास कचऱ्यात जातो. पारदर्शक असेल तर गरम पाण्यात धुऊ नका, पातळ प्लास्टिक आहे, आकार बिघडतो. आणि काही रात्री चुकल्यावर तो घट्ट बसायला लागला, तर दात हललेत असं समजा. तसाच आणखी आठवडाभर ठेवून देण्यापेक्षा त्याच रात्रीपासून पुन्हा लावा. पूर्ण बसतच नसेल तर जोर न लावता आधी फोन करा.

आपले,
तुमचे साचे जपून ठेवणारे