विज्ञानकथेला अचूकतेचीच कसोटी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खरी विज्ञानकथा कोणती, यावर मराठी वाचकांत वाद निघाला की 'यातले विज्ञान चुकीचे आहे, सबब ही विज्ञानकथा नव्हे' असा निकाल हमखास दिला जातो. या निकषाने या साहित्यप्रकाराचे आद्य लेखकही बाद होतील, म्हणून हे पत्र.

ज्यूल व्हर्न यांनी १८६५च्या कादंबरीत तीन प्रवाशांना प्रचंड तोफेतून चंद्राकडे धाडले. एच. जी. वेल्स यांनी १९०१मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ कल्पून आपली माणसे चंद्रावर उतरवली, तेव्हा असा पदार्थ आहे तरी कुठे, असा आक्षेप व्हर्न यांनी घेतला होता. प्रत्यक्षात व्हर्न यांच्या गोळ्यातले प्रवासी सुटतानाच्या भयंकर प्रवेगामुळे तोफेच्या नळीतच चिरडले गेले असते. तरीही दोघांच्या कथा मी निःशंकपणे विज्ञानकथा मानतो, कारण दोघांनीही एक गृहीत धरले आणि मग त्या गृहीताशी इमान राखून कथा पुढे नेली.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत अंतराळयान नाही की यंत्रमानव नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले, अशा वेगळ्या जगात इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर जाऊन पोहोचतात. पुंजभौतिकी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे भौतिकशास्त्र (क्वांटम फिजिक्स), एखाद्या घटनेच्या अनेक शक्यता मानते, त्यांतली एक शक्यता इथे अख्ख्या राष्ट्राच्या इतिहासाला लावलेली आहे. माणूस असा दुसऱ्या जगात जाऊ शकतो, हे कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही. कडक निकषवाल्यांनी मग नारळीकरांनाही नापास करायचे का? उलट, ते पुंजभौतिकीचे गृहीत काढून घ्या, म्हणजे कथेत फक्त एका प्राध्यापकाचे स्वप्न उरेल. हीच मला खरी कसोटी वाटते: वैज्ञानिक कल्पना काढली तर कथा उभी राहते का?

मराठीत अचूकतेचा आग्रह का रुजला, हे समजण्यासारखे आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. आपली आधुनिक विज्ञानकथा अशी विज्ञानप्रसाराच्या चळवळीबरोबर वाढली, आणि त्या चळवळीचे ऋण मी कृतज्ञतेने मानतो. पण त्यातूनच कथेकडे पाठ्यपुस्तकाची पुरवणी म्हणून पाहण्याची सवय लागली. कल्पना किती दूरवर नेली आणि तिच्यात सापडलेल्या माणसांचे काय झाले, हे मग कोणी विचारत नाही.

दुसरीकडे, मुखपृष्ठावर यंत्रमानव छापून आत नेहमीचीच कौटुंबिक कथा मंगळावर नेऊन ठेवलेली पुस्तकेही याच नावाखाली विकली जातात. ती कथा साताऱ्यात घडली असती तरी तिचे काही बिघडले नसते. चुकीच्या समीकरणापेक्षा ही फसवणूक मला अधिक गंभीर वाटते.

आपल्या रविवार पुरवणीतील परीक्षकांनी विज्ञानकथेबद्दल लिहिताना तिचे मूळ गृहीत कोणते आणि लेखक त्याला शेवटपर्यंत बांधील राहिला का, एवढे तरी वाचकांना जरूर सांगावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे